धुरपतेचा निवाडा

भीमाबाई तायडे सहीच्या जागी अंगठा उठवायची, पण जयपुरातल्या त्या रेल्वे कॉलनीत इंग्रजी कादंबऱ्यांवर तिच्याएवढं ठाम मत दुसऱ्या कोणाचं नव्हतं. कादंबऱ्याही कोणत्या, तर जग बुडालेलं, सरकार माजलेलं आणि सोळा-सतरा वर्षांची एक पोरगी ते सरकार उलथवायला निघालेली, असल्या. नात मयूरी त्या चौडा रस्ता नावाच्या पुस्तकांच्या बाजारातून जुन्या विकत आणायची, बसमध्ये उभ्यानं वाचायची आणि शाळेतून आली की बूटमोजे फेकून आजीपुढं बसकण मारायची. आजी मागच्या ओट्यावर भाजी निवडत असे.

"आजी, नई वाली सांगू?"

"सांग. पहिले हात धू."

दुपारी घरात या दोघीच. मुलगा दशरथ रेल्वेत, डबे दुरुस्त करणाऱ्या खात्यात. बढतीवर भुसावळहून इकडं आला तेव्हा मायीला गावात एकटी कशी ठेवायची म्हणून तिलाही गाडीत घातलं. सून रूपाली सकाळीच डबा घेऊन सीतापुऱ्याच्या बसला जायची. तिथं कपड्याच्या कारखान्यात कुर्त्यांची शिलाई तपासायचं तिचं काम. शेजारणी चांगल्या होत्या, पण त्या ढूंढाडीत बोलायच्या आणि ही वऱ्हाडीत. दोघी बाजूनं हसणं व्हायचं, हात हलायचे, आणि मग ज्याचं त्याचं दार लागायचं. सगळ्या जयपुरात भीमाबाईशी पोटभर बोलणारी एकच, ती म्हणजे ही पोट्टी. तीही अर्धं हिंदीत.

"एक शहर असतो, मतलब, तिथं सगळे लोक एका टाइपचे कपडे..."

"असते. शहर असते. तुया मास्तरनं काय शिकवलं तुले?"

"आमच्या स्कूलमध्ये मराठी नाही ना आजी."

"मंग मी कायले हाओ? बोल, असते."

असं अडखळत, रस्ता दुरुस्त करत गोष्ट पुढं सरकायची. सगळ्याच गोष्टींतल्या नायिकांची नावं इंग्रजी. भीमाबाईच्या जिभेला एकही वळेना. तिनं पहिल्याच आठवड्यात तोड काढली. "तिचं नाव धुरपता ठेव." तेव्हापासून जी कोणी पोरगी धनुष्य घेऊन, बंदूक घेऊन, नाहीतर भिंतीवरून उडी मारून निघायची, ती धुरपता. एका धुरपतेचे केस लाल होते, एकीला एक डोळा नव्हता. भीमाबाईला त्याचं काही वाटलं नाही. गावात तीन धुरपता होत्या, त्याही एकसारख्या नव्हत्या.

मतं मात्र ती जागच्या जागी द्यायची. एका पुस्तकात सरकार पोरांना सोळाव्या वर्षी उभं करून सांगायचं, तू या गल्लीतला, तू त्या गल्लीतला, आता मरेपर्यंत तिथंच राहायचं. मयूरी डोळे मोठे करून सांगत होती. भीमाबाईनं मेथीची जुडी झटकली.

"सोया वर्सं मोकळं सोडते? लय दयाळू सरकार दिसते. आमाले तं मायच्या पोटात असतानीच गल्ली धरून देली होती."

"आजी, ही फ्यूचरची गोष्ट आहे."

"कोनाच्या?"

मयूरीनं गोष्ट पुढं रेटली.

दुसऱ्या पुस्तकात धुरपता महिनाभर जंगलात लपते. भीमाबाईनं सरळ विचारलं, "अन् पाळी नाई आली का तिले?" मयूरी पोट धरून हसली, मग म्हणाली की खरंच, एकाही पुस्तकात येत नाही. भीमाबाईचा आणखी एक राग होता तो दोन पोरांवर. प्रत्येक धुरपतेच्या मागं दोन पोरं असायची, एक गोरा, एक रागीट. "दोघाइचं तोंड पाह्यता पाह्यता हिले सरकार पाडाले टाइम कधी भेटते?" आणि धुरपतेची माय नेहमी मेलेली नाहीतर वेडी झालेली. ते तर तिला अजिबात पटलं नाही. जित्या मायीची पोरगी लढत नाही का? की लिहिणाऱ्याला भीती वाटते, माय राहिली तर पोरीला घरात ओढून घेईल म्हणून?

सगळ्यांत मोठा आक्षेप शेवटावर. शेवटी धुरपता एकटी जाते आणि सरकार कोसळते.

"एकटीनं काई कोसयत नाई वं. आमी गोड्या हिरीवर गेलो तं आळीतल्या साऱ्या बाया गेलतो, लेकरं कडेवर घिऊन. अन् तरीबी त्या रोजी पानी नाई भेटलं. भेटलं ते चार वर्सानं."

ती हिरीची गोष्ट मयूरीला तुकड्यातुकड्यानं माहीत होती. मूर्तिजापूरच्या पलीकडं, पूर्णेच्या काठी भीमाबाईचं गाव. तो सगळा पट्टा खारपाणाचा. जमिनीत कुठंही खणा, पाणी खारट. गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि ती वरच्या आळीत. खालच्या आळीतल्या बायांनी घागरी घेऊन दूर उभं राहायचं आणि कोणाला दया आली तर वरून ओतून घ्यायचं. नाहीतर आपल्या विहिरीचं खारं प्यायचं. भीमाबाईचा नवरा ते खारं पाणी पिऊन मेला. किडन्या गेल्या म्हणाले. अकोल्याला दवाखान्यात नेलं तर डॉक्टरनं कागद बघितला, नवऱ्याकडं बघितलं नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक बसलं होतं की आपल्या घरातून एक डॉक्टर निघाला पाहिजे. दशरथ निघाला नाही. पण मयूरीला दहावीत असे मार्क पडले की शाळेनं फाटकावर तिचा फोटो लावला.

गोष्टीचा एक कायदा भीमाबाईनं गावाहून आणला होता. तिकडं बाया वावरातून आल्या की ओट्यावर बसायच्या, एखादी गोष्ट सांगायची, आणि संपली की सांगणारी विचारायची, "सांगा, कोनाचं चुकलं?" बसलेल्यांत जी वयानं थोर, तिनं निवाडा करायचा. निवाड्याशिवाय उठायचं नाही. तशीच अंगावर घेऊन घरी गेलं तर गोष्ट बाधते. आणि एकदा झालेला निवाडा फिरवायचा नाही. इथं ओट्यावर वयानं थोर म्हणजे भीमाबाईच. मयूरीला हा प्रकार भारी आवडला होता. शेवटचं पान सांगून झालं की ती दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, गावच्या बाईसारखा हेल काढून विचारायची, "सांगा, कोनाचं चुकलं?" एवढं एक वाक्य ती न अडखळता बोलायची.

अकरावीचे अर्ज निघाले त्या दिवसांत मयूरीनं मिठाच्या मुलखाची गोष्ट आणली.

समुद्र आटलेला. सगळीकडं मीठ. मधोमध काचेचं छत घातलेलं एक शहर, आणि गोडं पाणी तेवढं त्या शहरात. बाहेरच्या वस्त्यांतली पोरं दरसाल एका परीक्षेला बसतात. जे पोरगं पास होईल त्याला आत घेतात आणि त्याच्या घराला जन्मभराचं पाणी लावून देतात. फक्त आत गेलेल्यानं बाहेर यायचं नाही. आत बोली वेगळी, खाणं वेगळं. काही वर्षांनी आपल्या मायची भाषाही त्यांना आठवत नाही.

भीमाबाईनं त्या दिवशी भाजी बाजूला ठेवली होती. एरवी मध्येमध्ये तोंड घालणारी बाई, पण मिठाच्या गोष्टीला तिनं एकदाही अडवलं नाही.

"धुरपता पास होते," मयूरी म्हणाली. "फर्स्ट येते. सगळे नाचतात. तिचे बाबा पण. आणि धुरपता म्हणते, मला नाही जायचं."

"काऊन?"

"तिचं मन नाही लागणार तिथं. तिला इथंच राहायचं आहे. दुसरं काहीतरी करायचं आहे."

"मंग?"

"मंग काही नाही. संपली." मयूरीनं हात गुडघ्यावर ठेवले. हेल मात्र काढला नाही. "सांगा. कोनाचं चुकलं?"

भीमाबाईला जरा नवल वाटलं. इतकी मोठी गोष्ट, तीन भागांची म्हणत होती, आणि अशी मधेच कशी संपली? पण पाण्याच्या गोष्टीत तिला फार विचार करायची गरजच नव्हती.

"धुरपतेचं," ती म्हणाली. "साऱ्या घराच्या पान्याची गोष्ट हाय अन् इचं मन नाई लागत! आमाले कोनी बलावलं असतं तं आमी अनवानी पयत गेलो असतो. जावंच लागते तिले."

"पक्का?"

"पक्कं म्हंजे? म्या निवाडा केला ना."

मयूरी थोडा वेळ मेथीच्या काड्या मोडत बसली. मग उठून आत गेली.

जून संपताना ती सीकरला गेली. तिथं डॉक्टरीच्या परीक्षेचे मोठमोठे क्लास आहेत, राजस्थानातली निम्मी पोरं तिथंच. हॉस्टेल, खानावळ, पंधरा दिवसांनी टेस्ट. भीमाबाईनं दूधवाल्याला थांबवून सांगितलं, "भैया, हमारी पोती डाक्टर होनेवाली है." दूधवाला म्हणाला, "अरे वाह माँजी, फेर तो म्हांको इलाज फ्री." तो दिवसभर ती त्याच खुशीत होती.

मग ओटा रिकामा झाला. मेथी निवडायची, तर निवडून झाली तरी दुपार उरायची. रविवारी फोन यायचा. सुरुवातीला मयूरी आजीला मागून घ्यायची, नवी मैत्रीण, खानावळीची पातळ डाळ, असं काहीबाही सांगायची. दसऱ्यापर्यंत फोन आखूड होत गेला. "ठीक आहे." "हां." "टेस्ट आहे." भीमाबाईनं एकदा विचारलं, "धुरपता काय म्हनते वं?" तर पलीकडून एवढंच आलं, "आजी, रखती हूँ."

रूपाली जाऊन बघून आली. म्हणाली, "गळून गेली पोरगी. पाठीची हाडं दिसून राहिली. झोप नाही म्हणते."

त्या संध्याकाळी दशरथ जेवायला बसला होता. भीमाबाई समोर भाकर थापत होती. ज्वारी ती अकोल्याहून मागवायची. सून दमून येते म्हणून रात्रीच्या भाकरी तिनं स्वतःकडं घेतल्या होत्या.

"दसरथ, पोरीचं मन तरी होतं का रे तथी जायाचं? इतकी कायले धाडली तिले?"

दशरथाचा घास हातात राहिला. "आता हे काय माय? तूच तं धाडली."

"म्या?"

"मंग? ती रडली मायाजवळ. म्हने मले आर्ट घ्याचं, इंग्लिशमधी बीए कराचं, पुस्तकाइवर लिवाचं. म्या म्हटलं, आजीले विचार. आजीचं सपन हाय ते. आजी नको म्हनन तं आपन नाई धाडत, माया शब्द हाय. ती म्हने विचारते. अन् दुसऱ्या रोजी येऊन म्हने, बाबा, फारम भरा."

"मले कधी विचारलं तिनं?"

"ते मले काय मालूम? म्या विचारलं, काय म्हने आजी? तं म्हने, आजी म्हनते धुरपतेचं चुकलं. म्या म्हटलं, कोन धुरपता? तं म्हने, जाऊ द्या बाबा."

तव्यावरची भाकर करपली. भीमाबाईनं ती उचलून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. हातातलं पीठ सुटत होतं. तीन वेळा गोळा केला, तीन वेळा तुटला. रूपाली उठून आली, म्हणाली, "द्या आत्याबाई, मी करते," तर तिनं कोपरानं तिला मागं सारलं.

ती रडली नाही. नवरा गेला तेव्हाही ती दुसऱ्या दिवशी निंदणाला गेली होती. पण त्या आठवड्यात तिनं दशरथाच्या मागं एकच टुमणं लावलं, मला सीकरला ने. दशरथ म्हणाला, दिवाळीत येईलच की ती. भीमाबाई म्हणाली, दिवाळीत तिला टेस्ट आहे, ती येणार नाही, आणि आली तरी मला तिच्या दारात जाऊन बोलायचं आहे. शेवटी त्यानं सुट्टी टाकली. ढेहर का बालाजी स्टेशनावरून गाडी धरली, रिंगसवरून पुढं. गाडीभर भीमाबाई तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत होती. निवाडा फिरवायची रीत नव्हती. कोणी फिरवलेला तिनं पाहिलाही नव्हता. म्हणून काय बोलायचं ते तिचं तिलाच शिवावं लागत होतं.

सीकरात उतरल्यापासून प्रत्येक खांबावर पोरांचे फोटो. खाली नंबर. रस्त्यानं पोरंपोरी चालली होती, पाठीवर एकसारखी बॅग, अंगात एकसारखा टी-शर्ट, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. भीमाबाईनं दशरथाचा हात धरला. तिला हे गाव मयूरीच्या गोष्टीतून ऐकून माहीत होतं.

हॉस्टेलच्या खालच्या खोलीत पंखा आणि चार खुर्च्या. मयूरी आली तीसुद्धा त्याच टी-शर्टमध्ये. मागं तिची खोलीतली मैत्रीण होती.

"मेरी दादी है," मयूरी मैत्रिणीला म्हणाली. मग आजीच्या पाया पडली. भीमाबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. रूपाली खोटं बोलली नव्हती.

मैत्रीण गेली, दशरथ फाटकाशी जाऊन उभा राहिला. मग भीमाबाईनं सुरुवात केली.

"मयू, म्या चुकीचा निवाडा केला. धुरपतेचं काई चुकलं नाई. तिले पुसल्याबिगर परीक्षेले बसवलं, चुकलं ते त्याइचं. ज्यानं पान्याले कुलूप घातलं त्याचं चुकलं. अन् तिच्या आजीचं. चाल घरी."

 "आजी, निवाडा फिरवता येत नाही. आपनेच बोला था."

"म्याच केला, म्याच मोडते. बाधला तं मले बाधन."

मयूरी हसली. लहान लेकरू काही बोलून गेलं की हसतात तशी. "अरे आजी. वो तो कहानी थी."

"तू मले कहानी नव्हती पुसत."

 मयूरीनं पंख्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "मेरा बैच ऊपर हो गया. वरच्या बॅचमध्ये टाकलं मला. पहिले फोर्थ में थी, आता सेकंडमध्ये. आत्ता नाही येता येणार."

"तुले गोडी लागली का त्याची?"

"गोडी..." ती शब्द शोधत होती की उत्तर, ते कळलं नाही. "ते नाही माहीत. पण आता सोडलं तर, मतलब, इतने दिन का क्या?"

"अन् पुस्तकं?"

"नाही वाचत. वो बच्चों का है, आजी. सब में सेम होता है. एक लड़की और सिस्टम." बोलता बोलता तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "डाउट क्लास आहे. तुम्ही जेवून जा."

आणि ती गेली. जिन्यावर तिची चप्पल थोडा वेळ वाजली.

परतीच्या गाडीत दशरथ म्हणाला, "म्हटलं ना माय, रमली ती." भीमाबाई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बाजरीची कापलेली वावरं होती.

अकरावी गेली, बारावी झाली. मे महिन्यात डॉक्टरीची परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. नंबर बसला नाही. मयूरी घरी आली. दशरथ बापच होता, त्यानं तिला जवळ बसवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "झालं ते झालं. आता तुले पाह्यजे ते घे. बीए घे. आजीबी तेच म्हनते." भीमाबाई दाराशी उभी होती. तिनं मान हलवली, इतक्या जोरानं की पदर खांद्यावरून घसरला. तिला वाटलं, सुटली पोरगी.

मयूरीनं ताटावरून मानही वर केली नाही. "नहीं बाबा. एक साल और. ड्रॉप लेना है, फिर से परीक्षा दूँगी."

"अगं पण कोण म्हणतं तुला?" रूपाली म्हणाली.

"कोई नहीं. मैं ही बोल रही हूँ."

दुपारी भीमाबाई ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसली. मयूरीच्या मांडीवर मोठं पुस्तक होतं, कागदाच्या चिठ्ठ्या लावलेलं. भीमाबाईनं विचारलं, त्या मिठाच्या गोष्टीत पुढं काय झालं, तिसऱ्या भागात? धुरपता बाहेर येते का?

"तिसरा वाचलाच नाही," मयूरी म्हणाली. आणि खाली बघतच, "पण येतच असेल आजी. यायलाच लागते ना. नाहीतर लोक पुस्तक कशाला घेतील?"

भीमाबाईनं मग त्या पुस्तकांवरचं आपलं मत पक्कं केलं, पण ते ऐकायला कोणी नव्हतं म्हणून ती कुकरची शिटी काढता काढता स्वतःशीच बोलली. लिहिणारे लोक पोरीला आत नेतात आणि मग तिच्याकडून छत फोडून घेतात. ती आतच राहिली, तिला तिथंच राहावंसं वाटायला लागलं, असं कोणी लिहीत नाही. लिहिलं असतं, तर ओट्यावर बसून ऐकताना आपल्याला ओळखू आलं असतं.

जुलैत परत जायचं ठरलं. यावेळी भीमाबाई म्हणाली, मी स्टेशनवर येते. रूपालीनं शेंगदाण्याची चटणी, भाकरी, धपाटे बांधून दिले. मयूरी म्हणाली, इतकं नको, हॉस्टेलला मुंग्या होतात. तरी तिनं घेतलं. गाडी आली. दशरथानं सामान सीटखाली ढकललं आणि खाली उतरला. मयूरीला खिडकीची जागा मिळाली होती. तिनं बसल्या बसल्या बॅगेतून ते चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं आणि पेन दातात धरला.

"मयू," भीमाबाईनं खिडकीच्या गजाला हात लावून म्हटलं, "भाकर आजच खाजो. उद्या वाकडी होईन."

"हां आजी."

"अन् झोपत जा."

"हां."

गाडी हलली. मयूरीनं हात वर केला. मान वर केली नाही; पानाच्या तळाशी दोन ओळी राहिल्या होत्या. भीमाबाई गजाबरोबर थोडी चालली. मग दशरथानं तिचा दंड धरला आणि म्हणाला, "चाल माय, ऊन लागन."